पाय खोटं बोलत न्हाईत

छबूताईंचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. माणूस आवडलं की त्याच्याविषयी गोडगोड लिहायची आपल्याकडे रीत आहे, आणि छबूताई मला आवडायच्या हे खरंच आहे. पण त्यांची आठवण आली की पहिल्यांदा राग येतो, मग हसू येतं आणि मग पुन्हा राग. त्यातला थोडा त्यांच्यावरचा आणि थोडा माझ्यावरचा. उरलेला सगळा त्या लोकांवरचा, ज्यांच्या ओसरीवर आम्ही दोघी एकदा हातात चहाचे कप धरून मूर्खासारख्या बसलो होतो. ते पुढे येईलच.

सावेडीत बंगले आणि फ्लॅट संपून जिथे ज्वारीची रानं सुरू होतात, तिथे एक पोलीस भरतीची अकॅडमी आहे. अकॅडमी म्हणजे पत्र्याचा एक लांबलचक वर्ग, शेजारी मुलींचं होस्टेल आणि समोर फक्कीनं आखलेलं दोनशे मीटरचं मैदान. मी तिथे लेखी परीक्षेसाठी मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान शिकवते. पोरी पहाटे पळून, गोळा फेकून, घामाघूम होऊन वर्गात येतात आणि मी त्यांना समास सांगते. त्या पेंगतात. त्यांचा काही दोष नाही, समासाचाच असावा.

मैदान छबूताईंकडे होतं. वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगावर सलवार-कुर्ता, ओढणी कंबरेला आवळलेली, पायात नवऱ्याचे जुने कॅनव्हासचे बूट. गळ्यात निळ्या नाडीत ओवलेलं स्टॉपवॉच. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत आणि स्टॉपवॉच बाहेर. खिशात कायम फुटाणे. आईबाप ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्यांची अर्धी शाळा गावाकडे आणि अर्धी फडावर झाली. पळायला कोणी शिकवलं असं मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, बैलगाडीनं. झोपेतून उठायला उशीर झाला की गाडी पुढे गेलेली असायची, ती गाठायची. स्वतः भरतीला उभ्या राहिल्या होत्या, पण अर्ध्या इंचानं उंची कमी भरली. याचं त्यांना काही वाटत असेल तर त्यांनी ते दाखवलं नाही. पोरींची उंची मोजताना मात्र त्या टाचेखाली बोट घालून बघायच्या.

त्यांच्याकडे एक लाँगबुक होतं. प्रत्येक पोरीचं एक पान, पानावर तारीख आणि आठशे मीटरचं टायमिंग. चार फेऱ्या. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं की पूर्ण मार्क, त्यामुळे सगळ्या पोरींचं आयुष्य त्या दोन पन्नासभोवती फिरायचं. कोणी चांगली पळाली तर छबूताई म्हणायच्या, "बरं." फारच चांगली पळाली तर, "हां." शाब्बास हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. वर्गात मी दर पाच मिनिटांनी शाब्बास म्हणते आणि पोरी माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. छबूताईंच्या एका 'हां'साठी मात्र त्याच पोरी उलटी होईपर्यंत पळायच्या.

एकदा एका पोरीनं पहिल्याच फेरीत पाय ओढला. छबूताईंनी विचारलं, काल जेवलीस का? ती म्हणाली, हो. छबूताई फुटाणे खात तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "चतुर्थी धरली हुतीस. तोंड खोटं बोलतं, पाय खोटं बोलत न्हाईत." पोरगी तिथेच रडायला लागली, कारण तिनं खरंच उपास धरला होता, आणि तोही ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, चांगलं जावं म्हणून.

प्रतीक्षा आमच्याकडे आली ती एका जुलैत. वीस वर्षांची, शेवगावकडच्या एका गावची. लांब पाय आणि कमी बोलणं. घरची थोडी शेती, दोन गाई, वडील मुकाट कष्ट करणारे आणि घरात शब्द चालायचा तो चुलत्यांचा. पहिल्याच महिन्यात तिला दोनदा 'हां' मिळालं. दोन सेहेचाळीस, दोन सत्तेचाळीस, असं तिचं टायमिंग होतं. ही जाणार, असं छबूताई मला एकदा हळूच म्हणाल्या आणि लगेच दृष्ट लागू नये म्हणून जमिनीवर थुंकल्या.

तिच्याबरोबर ऋषी होता. तिच्याच गावचा, बांधाला बांध असलेल्या घरातला, स्वतः भरतीची तयारी करणारा आणि दोनदा ग्राउंडलाच बाद झालेला. सावेडीत खोली घेऊन राहायचा आणि आठवड्यातून तीन-चार सकाळी मोटारसायकलवर मैदानाशी हजर. येताना तिच्यासाठी केळी आणायचा, बाटलीत लिंबूपाणी आणायचा. ती पळायला उभी राहिली की गुडघ्यावर बसून तिच्या बुटाची नाडी बांधायचा. मग तिची बॅग आणि मोबाईल सांभाळत वळणावरच्या लिंबाखाली उभा राहायचा. मला तो भयंकर आवडला. मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा, कारण एकोणीस वर्षांत त्या माणसानं माझ्या स्कूटीत एकदाही हवा भरलेली नाही. वर्गातल्या पोरी प्रतीक्षाला चिडवायच्या आणि तिचा हेवा करायच्या. ती म्हणायची, तो लई काळजी करतो. कुठं आहे, कुणाबरोबर आहे, जेवले का, सगळं त्याला कळवावं लागतं. मोबाईलचा पासवर्डही त्यानंच ठेवलेला. हे सगळं ती कौतुकानं सांगायची आणि मी कौतुकानं ऐकायची. शिकलेल्या बायकांच्या अकलेचा हा नमुना.

ऑक्टोबरात एक दिवस वर्ग सुटल्यावर छबूताई लाँगबुक घेऊन आल्या आणि प्रतीक्षाचं पान माझ्यासमोर धरून म्हणाल्या, मॅडम, तुमी शिकलेल्या, वाचा बरं. मी वाचलं. दोन सत्तेचाळीस, तीन पाच, तीन तीन, दोन अठ्ठेचाळीस, तीन सहा. काही आकड्यांपुढे लाल पेनानं ठिपका होता. तीनच्या पुढच्या प्रत्येक आकड्याला ठिपका, आणि दुसऱ्या कशालाच नाही. मी विचारलं, ठिपका कसला? त्या म्हणाल्या, ज्या दिवशी तो लिंबाखाली असतो त्या दिवसाचा.

मी म्हटलं, लाजत असेल. छबूताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी समासच चुकवला होता. म्हणाल्या, लाजणारी पोरगी जोरात पळती, मॅडम, दाखवाया. ही तिसऱ्या फेरीला वळणावर मान वळवती. त्याचं तोंड बघती. मग पाय आखडतात.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मैदानावर पुरुषमाणसांना बंदी केली. कारण सांगितलं की बाकीच्या पोरींच्या घरच्यांची तक्रार आहे. चार दिवस प्रतीक्षा दोन सेहेचाळीसनं पळाली. पाचव्या दिवशी तीन चौदा. टी-शर्टच्या बाहीखाली दंडावर निळे वळ दिसत होते. होस्टेलच्या जिन्यात पडले, म्हणाली.

"जिन्याला बोटं असत्यात का?" छबूताईंनी विचारलं.

तेव्हा ती बोलली. तुकड्यातुकड्यांत, बुटाकडे बघत. मी वर्गाच्या दारात उभी होते. तो वाईट नाही, म्हणाली. दोनदा बाद झाल्यापासून, दीड वर्ष झालं, त्याचं डोकं फिरतं. माझ्याआधी भरती झालीस तर बघ, असं त्यानं सांगून ठेवलंय. मारतो, पण नंतर रडतो, पाया पडतो. त्याच्याकडे फोटो आहेत. आणि शेवटी, जणू हिशेब बरोबर करायला, "त्याचा जीव हाय माझ्यावर, ताई."

मी आज प्रामाणिकपणे लिहिते, की 'नंतर रडतो' हे ऐकून माझं मन क्षणभर विरघळलं होतं. छबूताईंचं नाही. त्यांनी तिच्या दंडाला बर्फ लावला आणि त्या दिवशी तिला पळू दिलं नाही. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे इतकं कसं कळलं, तुमच्याही वाट्याला असं काही... त्या एकदम उखडल्या.

"माझा नवरा गाय हाय, मॅडम. टेम्पो चालवितो, घरी आल्यावर भाकरी थापितो. मला काय बी झालेलं न्हाई. अंगावर आल्याबिगर दिसायचंच न्हाई का मानसाला?"



इथपर्यंत छबूताई शहाण्या होत्या. इथून पुढे आम्ही दोघींनी मिळून माती खाल्ली. छबूताई म्हणाल्या, घरी सांगाया पायजे. मी म्हटलं, अगदी बरोबर, मोठ्यांच्या कानावर घालायलाच हवं. पोरीला विचारावं हे दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आपल्याकडे पोरीचं काही असलं की पाय आपोआप तिच्या बापाच्या घराकडे वळतात. रविवारी एसटीनं आम्ही तिच्या गावी गेलो. तिला सांगितलं नाही.

ओसरीवर सतरंजी घातली होती. वडील, चुलते, आत दाराआड आई. चहा आला. छबूताईंनी कप खाली ठेवला आणि एकही आडपडदा न ठेवता सांगितलं. पोरगा मारतो, मोबाईल ठेवून घेतो, फोटोची धमकी देतो, पोरगी त्याच्या भीतीनं मागे पडतीय. वडील जमिनीकडे बघत होते. चुलत्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, किती दिवसांपासून हाय हे? छबूताई म्हणाल्या, दीड वर्ष. चुलत्यांनी मान हलवली, कुणाला तरी हाक मारली आणि ऋषीच्या वडिलांना बोलावणं धाडलं. मला वाटलं, आता त्या माणसाची चांगली खरडपट्टी निघणार. मी पदर सावरून बसले.

ऋषीचे वडील आले. रामराम झाला. पुन्हा चहा झाला. पावसाचं बोलणं झालं, मग विहिरीचं, मग दोन्ही रानांमधल्या बांधाचं. चुलते म्हणाले, पोरानं हात उचलला हे चूकच. ऋषीचे वडील म्हणाले, चूकच, मी त्याला बोलतो. चुलते म्हणाले, पण जबाबदारी पडली की पोरं सुधारतात. आपण नव्हतो का असेच? दोघेही हसले.

छबूताई म्हणाल्या, "आवो, मी तो मारतो म्हनून सांगाया आले."

"व्हय, तेच म्हंतो ना," चुलते समजुतीनं म्हणाले. "आता दीड वर्साचा बोभाटा झाल्यावर पोरगी ठिवून काय करायची? तुमी लवकर सांगितलंत, लई उपकार झाले."

जेवणवेळेपर्यंत सुपारी फुटली. माझ्या डोळ्यांसमोर, मी बसलेल्या सतरंजीवर. जातीची, गावातली, बांधाला बांध असलेली सोयरीक. आणि जिनं ती जमवून आणली तिचा मान म्हणून छबूताईंची ओटी भरली, त्यांच्याबरोबर आले म्हणून माझीही. खण, तांदूळ, नारळ. ओटी प्रतीक्षाच्या आईनं भरली. ती बाई तोवर दाराआडच होती. तांदूळ ओटीत कमी आणि सतरंजीवर जास्त पडत होते. तिनं वर पाहिलं नाही आणि मीही तिच्या तोंडाकडे पाहू शकले नाही.

परतीच्या एसटीत दोघींच्या मांडीवर एकेक नारळ. मला वाटत होतं की खिडकीतून तो फेकून द्यावा, त्या ओसरीवर परत जाऊन किंचाळावं, निदान पहिला चहा तरी घ्यायला नको होता. छबूताई म्हणाल्या, "मॅडम, आपुन पोरगी दिऊन आलो."

तिसऱ्या दिवशी तिचे वडील येऊन प्रतीक्षाला घेऊन गेले. लग्न ठरल्यावर भरती कशाला, असा मुलाकडचा निरोप होता. जाताना तिनं छबूताईंकडे पाहिलं, आणि ती नजर त्यांनी कशी सोसली ते त्यांनाच ठाऊक. अकॅडमीच्या सरांनी आम्हा दोघींना बोलावून बजावलं की दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत पडून अकॅडमीचं नाव खराब करू नका. माझा नारळ मी आठवडाभर देवापाशी ठेवला आणि मग त्याची चटणी केली, खोटं कशाला सांगू. छबूताईंचा नारळ मात्र मैदानावरच्या सामानाच्या कपाटावर तसाच राहिला. रोज सकाळी दोऱ्या आणि गोळे काढताना त्या तो बघायच्या.

दर रविवारी त्या एसटीनं त्या गावाला जायला लागल्या. मी एकदा गेले, मग नाही गेले. मला लाज वाटत होती आणि माझ्याकडे घरची कारणं भरपूर होती. चुलते त्यांना ओसरीवर बसवून चहा पाजायचे आणि पोरीशी बोलू द्यायचे नाहीत. तिसऱ्या रविवारी छबूताईंनी लाँगबुकातलं प्रतीक्षाचं पान फाडून तिच्या आईच्या हातात दिलं. पोरीचं सामान राहिलं होतं, म्हणाल्या. आईला वाचता येत नव्हतं. तिनं लाल ठिपक्यांवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं, आणि छबूताईंनी सांगितलं.

त्यानंतर बारा-तेरा दिवसांनी प्रतीक्षा पहिल्या गाडीनं एकटीच अकॅडमीत आली. पाठीवर सॅक, फडक्यात बांधलेल्या भाकरी, आणि चौघडी घातलेलं ते पान बुटाच्या आत. तिनं मला नंतर सांगितलं की तीन दिवस ती ते पान घेऊन गोठ्यात बसली होती. ठिपके मोजले, तारखा आठवल्या. "मला वाटायचं मी दमते," ती म्हणाली. "मी दमत नव्हते, मॅडम. भीत हुते." घरातून बाहेर कशी पडलीस, असं मी विचारलं. आईनं पहाटे भाकरी थापल्या, गाडीत बसवलं आणि घरी सांगितलं की परीक्षेला गेलीय, आली की बोलू. त्या माउलीनं ही परीक्षा पुढे पाच महिने लांबवली. तोवर दोन्ही घरांत वाजलं, सुपारी मोडली आणि चुलत्यांनी त्या घरात येणं बंद केलं. त्यातली शेवटची गोष्ट तोटा म्हणून धरायला मी तयार नाही.

सुपारी मोडल्याचं कळलं त्या दिवशी छबूताईंनी कपाटावरचा नारळ खाली काढला, जमिनीवर ठेवला आणि वर लोखंडी गोळा टाकून फोडला. खवट निघाला होता. तरी त्यांनी एक तुकडा तोंडात टाकून नीट चावून खाल्ला.

ऋषी गप्प बसणारा नव्हता. त्यानं फोटो पाठवायची धमकी दिली, होस्टेलखाली येऊन शिव्या दिल्या, मग रडला, मग पुन्हा शिव्या दिल्या. आम्ही तिला घेऊन पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलो. टेबलामागच्या माणसानं निम्मं ऐकलं आणि सुपारी फुटली होती ना, मग आपसात मिटवा, असा सल्ला दिला. मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक वर्दीतली पोरगी बाहेर आली आणि "ताई?" म्हणून ताठ उभी राहिली. चार वर्षांपूर्वी ती आमच्या मैदानावर तीन वीसनं पळायची. तिनं प्रतीक्षासमोर कोरा कागद ठेवला. अर्ज लिहायला प्रतीक्षाला दोन तास लागले, आणि व्याकरणाची मास्तरीण असून मी त्यातली एकही चूक दुरुस्त केली नाही. ऋषीला बोलावलं, मोबाईल तपासला, लिहून घेतलं. त्याला फार काही झालं अशातला भाग नाही. अजून मोटारसायकलवर हिंडतो आणि स्टेटसला दुसऱ्याच कुणा मुलीबरोबरचे फोटो टाकतो. तिच्याही बुटाची नाडी बांधत असेल.

इथे गोष्ट संपली असती तर मी सुखानं समास शिकवत बसले असते. पण सुटलेली पोरगी लगेच मोकळी होते, हा माझा आणखी एक गैरसमज होता. प्रतीक्षा प्रत्येक गोष्ट विचारायची. ताई, पाणी पिऊ? ताई, बूट काढू? ताई, बहिणीला फोन लावू? एकदा तर दुसऱ्या मुलीच्या मोबाईलवरून तिनं त्यालाच फोन लावला, नुसता आवाज ऐकायला. मला कळल्यावर माझा तोल गेला. इतक्यांनी तुझ्यासाठी इतकं केलं आणि तू, वगैरे मी तिला भर वर्गात झापलं. छबूताईंनी मला बाहेर बोलावलं.

"प्लास्टर निघाल्याच्या दिवशी पोरगी लंगडली तर तिला बी असंच बोलाल का तुमी?"

मी म्हटलं, पण किती दिवस लंगडणार? त्या म्हणाल्या, मला काय ठावं. जेवढे लागतील तेवढे.

ते दिवस काही केल्या संपेनात. लिंबाखाली कोणी नव्हतं, लाल पेन केव्हाच कपाटात गेलं होतं, पण टायमिंग दोन अठ्ठावन्नच्या खाली येईना. छबूताईंनी खाणं बघितलं, बूट बदलले, रक्त तपासून आणलं. चिडचिड्या झाल्या होत्या. भरतीची तारीख लागली होती आणि रोज तोच आकडा. मला वाटायला लागलं की त्या पोराचंच खरं झालं, ही काही त्याच्याआधी भरती होत नाही.

मग एका सकाळी तिसऱ्या फेरीला छबूताईंनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मी शेजारीच उभी होते.

"मॅडम, ती आता माझ्याकडं बघती."

मी बघितलं. खरंच, वळणावर प्रतीक्षाची मान वळली. लिंबाकडे नाही, आमच्या बाजूला, छबूताईंच्या तोंडाकडे. मी म्हटलं, मग त्यात वाईट काय? तुमच्यावर विश्वास आहे तिचा. छबूताईंनी हातातले फुटाणे परत खिशात टाकले.

"त्याच्या जागी मी जाऊन उभी ऱ्हायले," त्या म्हणाल्या. "मानूस बदललं. जागा तीच हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टॉपवॉच माझ्या गळ्यात घातलं, सुरू-बंद कसं करायचं ते दाखवलं आणि मैदानाकडे पाठ करून होस्टेलच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. फुटाणे खात. प्रतीक्षा तीन दोननं आली. नंतर रडत माझ्याकडे आली, ताई रागावल्यात का? तिनं काहीही विचारलं की छबूताईंचं उत्तर एकच, तुला काय वाटतं? मला ते क्रूर वाटायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. ही माया करायची वेळ आहे आणि तुम्ही भिंतीशी बोलताय, म्हटलं. त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, माया लई झाली हाय तिच्यावर. सगळ्यांनी केलीय.

दोन आठवड्यांनी कधीतरी, पळून झाल्यावर प्रतीक्षा कोणालाही न विचारता पाण्याच्या पिंपाशी गेली. झाकण वाजलं. पाठमोऱ्या बसलेल्या छबूताईंच्या तोंडातले फुटाणे थांबले. "बरं," त्या म्हणाल्या, कोणाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं नाही.

ग्राउंडच्या दिवशी सकाळी आम्ही तिघी गेटपाशी उभ्या होतो. आत फक्त उमेदवारांना सोडत होते आणि मैदानाला उंच भिंत होती. छबूताईंच्या खांद्याला कापडी पिशवी होती, स्टॉपवॉच अजून माझ्याच गळ्यात होतं. अकॅडमी त्यांनी आदल्याच दिवशी सोडली होती. सरांशी पटत नव्हतं, आणि त्यांच्या गावाकडे पाथर्डीच्या बाजूला पोरींसाठी एक मैदान आखायचं त्यांच्या मनात होतं. प्रतीक्षाला हे माहीत नव्हतं. मलाही त्यांनी ते वाटेत रिक्षात हळूच कानात सांगितलं होतं, मला भांडता येऊ नये म्हणून.

प्रतीक्षाच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी वाकणार एवढ्यात छबूताईंनी माझा दंड घट्ट धरला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या. रांग पुढे सरकत होती. पाच-सहा पावलं गेल्यावर प्रतीक्षानं स्वतःच खाली पाहिलं, रांगेतून बाजूला झाली, शांतपणे नाडी बांधली आणि आत गेली.

छबूताईंनी पिशवी सावरली आणि निघाल्या. मला खरंच वाटेना. मी म्हटलं, निदान ती बाहेर येईपर्यंत तरी थांबा. वर्षभर तुम्ही तिच्यासाठी जीव टाकलात. बाहेर आल्याआल्या ती तुम्हालाच शोधेल.

"म्हनून तर," त्या म्हणाल्या.

आणि गेल्या. नवऱ्याचे कॅनव्हासचे बूट, कंबरेला आवळलेली ओढणी, झपझप चाल. मी मागून दोनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. रिक्षा स्टँडशी रस्ता वळतो तिथे त्या दिसेनाशा झाल्या. त्याला आता दोन वर्षं होतील. त्यानंतर त्या मला भेटलेल्या नाहीत. फोन केला तर उचलतात, या म्हणतात, आणि मी जात नाही.

अडीच तासांनी प्रतीक्षा बाहेर आली. दोन त्रेचाळीस. मी रस्त्यावर उभी राहून रडले, आणि मग रागारागानं छबूताईंना फोन लावला. मागे एसटीचा खडखडाट येत होता. मी टायमिंग सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मान?"

मी म्हटलं, अहो, भिंत होती, मला काय दिसणार?

"मंग आता बघा. कुनाला हुडकती का?"

मी बघितलं. प्रतीक्षा समोरच्या गाड्यावर गेली होती. तिनं दोन केळी विकत घेतली, कठड्यावर बसली आणि एक सोलून खायला लागली. दुसरं बहुधा माझ्यासाठी होतं. ती कोणाकडेच बघत नव्हती.

मी म्हटलं, नाही.

"बरं," छबूताई म्हणाल्या आणि फोन बंद झाला. गळ्यातल्या स्टॉपवॉचवर हात ठेवून मी तिथेच उभी राहिले, आणि मान वळवून रिक्षा स्टँडच्या त्या वळणाकडे कितीतरी वेळ बघत राहिले.